बाळंतपणानंतर पोट का सुटते?

बाळंतपणाला वर्ष झाले, दोन वर्षे झाली, तरी पोट आत जात नाही, ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. बहुधा ती सरळ सांगितली जात नाही. मुलाचा खोकला दाखवायला आलेली बाई जाता जाता विचारते, "डॉक्टर, पोट कमी व्हायचं काही औषध आहे का?" घरात या प्रश्नाची उत्तरे तयार असतात. कोणी म्हणते, सव्वा महिना पोट नीट बांधले नाही. कोणी म्हणते, डिंकाचे लाडू जास्त झाले. सिझर झालेले असेल तर सगळा दोष टाक्यांवर जातो. शेवटी बाईलाच आळशी ठरवून विषय संपतो.

वास्तविक यातील बऱ्याच स्त्रियांच्या पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये अंतर पडलेले असते. वैद्यकशास्त्रात याला डायास्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नाव अवघड असले तरी प्रकार समजायला सोपा आहे. तो घरच्या घरी ओळखता येतो आणि बहुतेकींना औषधाची किंवा ऑपरेशनची गरज लागत नाही.

पोटात नेमके काय होते?

पोटाच्या पुढच्या बाजूला बेंबीच्या उजवीकडे व डावीकडे स्नायूंचे दोन लांब पट्टे असतात. ते छातीच्या खालच्या फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभे उतरतात. या दोन पट्ट्यांना मधोमध जोडणारा चिवट पांढरा पडदा असतो. कापडाच्या दोन पट्ट्या मधे शिवण घालून जोडाव्यात, तशी ही रचना आहे. या पट्ट्यांच्या खाली, सर्वांत आत, कमरेला वेढून राहणारा एक आडवा स्नायू असतो. शरीराचा हा स्वतःचा कमरपट्टाच होय.

गर्भ वाढू लागला की पोटाला जागा करून द्यावी लागते. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे शरीरातील जोड मऊ पडतात, मधला पडदा ताणून रुंद होतो आणि दोन्ही पट्टे बाजूला सरकतात. हा आजार नव्हे, निसर्गाने केलेली सोय आहे. दिवस भरत आले की जवळजवळ प्रत्येक गर्भवतीच्या पोटात हे अंतर थोडेफार पडतेच. म्हणजे शिवण उसवलेली नसते, ती ताणलेली असते. प्रसूतीनंतर पहिल्या दोन महिन्यांत ती बरीचशी आपोआप आवळते. काहींची मात्र सैलच राहते. मग आतला आतड्यांचा भार पुढे येतो आणि पोट सुटलेले दिसते.

हे किती जणींना होते? नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी १०० पैकी ६० जणींमध्ये हे अंतर आढळले. सहा महिन्यांनी ते सुमारे ४५ जणींत आणि वर्षानंतर सुमारे ३३ जणींत शिल्लक होते. यावरून दोन गोष्टी कळतात. बऱ्याच जणींचे अंतर वर्षभर हळूहळू कमी होत राहते, म्हणून घाई करू नये. आणि वर्षानंतरही दर तिघींपैकी एकीला ते राहते, म्हणून कोणाला नावे ठेवू नयेत.

घरी कसे तपासावे?

ही तपासणी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी करावी. सिझर झाले असल्यास टाके पूर्ण भरल्यावर करावी. खाली बसणाऱ्या बाजेवर न करता जमिनीवर सतरंजी घालून करावी. उताणे झोपा, गुडघे उभे ठेवा, पावले जमिनीला टेकलेली असू द्या. एका हाताची बोटे बेंबीच्या लगेच वर, मधोमध, आडवी टेकवा. आता श्वास सोडत डोके व खांदे थोडेसे वर उचला. दोन्ही बाजूंचे पट्टे घट्ट झालेले बोटांना लागतील. त्या दोहोंमध्ये किती बोटे मावतात ते पाहा. बेंबीच्या वर चार बोटांवर आणि खाली चार बोटांवरही तसेच पाहा.

एक बोट मावले तर ठीकच. दोन किंवा अधिक मावली तर अंतर राहिले आहे असे समजावे. डोके उचलताना मधोमध घराच्या आढ्यासारखा लांबट उंचवटा येत असेल तर तीही हीच खूण आहे. मात्र बोटांच्या मापापेक्षा मधली जागा घट्ट लागते की बोटे खोल बुडतात, हे अधिक महत्त्वाचे. आठ आठवड्यांनंतरही अंतर स्पष्ट लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

उपाशी राहून पोट आत जात नाही

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. वय तिशीच्या आत, दोन मुले, धाकटे सात महिन्यांचे व अंगावर पिणारे. एस.टी.मध्ये कोणी तरी आपुलकीने "कितवा महिना?" विचारून बसायला जागा दिली. तेव्हापासून बाईंनी रात्रीचे जेवण सोडले होते. दवाखान्यात आल्या त्या चक्कर येते म्हणून. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.५. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र पुढे. तपासल्यावर बेंबीच्या वर तीन बोटे सहज मावली. ज्या पोटासाठी त्या उपाशी राहत होत्या, त्यात चरबी नावालाच होती.

त्यांचे रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खाली दिलेले व्यायाम शिकवले. चार महिन्यांनी अंतर दोन बोटांवर आले. पोट लग्नाआधीसारखे सपाट झाले नाही, आणि तसे मी कबूलही केले नव्हते. पण चक्कर थांबली, शिलाई यंत्रावर ताठ बसवू लागले, पाण्याची कळशी उचलताना पोटात वाटणारा पोकळपणा गेला.

स्तनपान करणाऱ्या आईने जेवण तोडणे हा स्वतःवर अन्याय आहे. स्नायू बळकट व्हायला अन्न लागते. डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी, मासे रोजच्या ताटात असावेत. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यावी, असे सरकारी कार्यक्रमातच सांगितले आहे. त्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तूप-साखर मात्र बेताने घ्यावी, कारण वजन फार वाढले तर त्याचा भारही पोटावरच येतो.

व्यायाम कोणते?

साधी प्रसूती झाली असेल तर पहिले दोन व्यायाम दुखत नसल्यास दोन-तीन दिवसांत सुरू करता येतात. सिझरनंतरही हलका श्वसनाचा व्यायाम लवकर करता येतो, पण आपल्या डॉक्टरांना विचारून. पुढचे दोन व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर करावेत.

१. पोट आत घेणे : उताणे झोपून गुडघे उभे ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट सैल सोडा. आता तोंडाने सावकाश श्वास सोडत बेंबीखालचा भाग हळूच पाठीकडे ओढा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा. आकडे तोंडाने मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडला जाणार नाही. असे दहा वेळा. आतला आडवा स्नायू याने जागा होतो.

२. तळाचे स्नायू आवळणे : लघवी व वारा रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते आवळा, पाच आकडे धरा, सोडा. असे दहा वेळा. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नये. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जाणाऱ्या स्त्रियांनाही याने गुण येतो.

३. कंबर टेकवणे : त्याच स्थितीत श्वास सोडत कमरेचा खळगा जमिनीला दाबा, थोडे थांबा, सोडा. दहा वेळा.

४. टाच सरकवणे : पोट आत घेऊन एक टाच जमिनीवरून सावकाश पुढे सरकवत पाय लांब करा, मग परत आणा. नंतर दुसरा पाय. प्रत्येकी दहा वेळा. कंबर उचलली जाता कामा नये.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. हे सोपे वाटू लागले की खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हलके वजन उचलणे असे वाढवत जावे. चालणे केव्हाही चांगले.

सुरुवातीचे काही महिने उताणे झोपून एकदम उठून बसण्याचे व दोन्ही पाय एकाच वेळी उचलण्याचे व्यायाम टाळावेत. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पुष्कळ जणी नेमके हेच करतात. कोणताही व्यायाम करताना मधोमध तो आढ्यासारखा उंचवटा आला, तर तो व्यायाम आपल्या पोटाला अजून झेपत नाही असे समजून सोपा करावा. पोटात बळ आल्यावर पुढे तेही करता येतात.

व्यायामाने अंतर पूर्ण मिटेलच असे नाही. पण अंतर थोडे राहूनही पोट बळकट होऊ शकते, आणि खरी गरज बळकटीची आहे.

पोट बांधावे का?

आपल्याकडे जुन्या मऊ लुगड्याने पोट बांधण्याची चाल आहे. तिला मी नाही म्हणत नाही. पहिले काही आठवडे आधार वाटतो, सिझरच्या टाक्यांवर खोकताना बरे वाटते. पण पट्टा आधार देतो, स्नायूला ताकद देत नाही. दिवसा बांधावा, झोपताना सोडावा. श्वास लागेल इतका आवळला तर भार खाली कटिभागावर येतो, आणि तेथील स्नायू प्रसूतीने आधीच थकलेले असतात. तेलाच्या चोळण्याने अंग हलके होते, पण स्नायू जवळ येत नाहीत. टाक्यांवर किंवा बेंबीवर जोराने दाबून चोळू नये.

सिझरविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. नेहमीच्या सिझरमध्ये हे दोन पट्टे सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला करून आत जातात. साध्या बाळंतपणानंतरही पोट सुटते ते म्हणूनच. तसेच कंबर दुखली की पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनला किंवा या अंतराला दोष देऊ नये. वर सांगितलेल्या पाहणीत अंतर असलेल्या व नसलेल्या स्त्रियांची कंबरदुखी सारखीच निघाली.

घरच्यांनी काय करावे?

शेतात किंवा मजुरीवर जाणाऱ्या बाईला सव्वा महिन्याची विश्रांतीही अनेकदा मिळत नाही. निदान पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही तिला उचलू देऊ नये. हंडे भरणे, गॅसचे सिलिंडर सरकवणे, ओल्या कपड्यांची बादली हे काम नवऱ्याने व घरच्यांनी वाटून घ्यावे. अंथरुणातून उठताना तिने सरळ उठू नये. कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठावे. वजन उचलताना ते अंगाजवळ धरावे आणि उचलताना श्वास सोडावा. बद्धकोष्ठता असेल तर पाणी व पालेभाजी वाढवावी, कारण कुंथण्यानेही शिवण ताणते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी.

आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत घरी ठरावीक भेटी देते. त्या बहुतेक बाळासाठीच होतात असे आपण समजतो. शेवटच्या भेटीत आईनेही आपले पोट, लघवी, अंगावरून जाणे याबद्दल न लाजता बोलावे. ज्यांना व्यायाम नीट जमत नाहीत त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येईल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताणलेल्या शिवणीला कधी कधी भोक पडते आणि त्यातून आतडे किंवा आतील चरबी बाहेर डोकावते. हा हर्निया होय. तो बहुधा बेंबीजवळ गोल फुगवटा म्हणून दिसतो, खोकल्यावर वाढतो, झोपल्यावर आत जातो. व्यायामाने तो बरा होत नाही. सर्जनला दाखवून ऑपरेशन केव्हा करायचे ते ठरवावे. पुन्हा मूल हवे असेल तर तेही त्यांना सांगावे.

फुगवटा अचानक कडक झाला, दुखू लागला, लाल-काळा पडला, आत जाईनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर "बेंबी सरकली" म्हणून चोळत बसू नये. आतडे अडकलेले असू शकते. तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे.

तसेच पोट कमी होण्याऐवजी वाढतच चालले असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा हाताला गाठ लागत असेल तर तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. पोटातील पाणी, गर्भाशयाची किंवा अंडकोशाची गाठ ही कारणेही असू शकतात. आणि पाळी सुरू झाली नसली तरी पुन्हा दिवस राहू शकतात, हे विसरू नये. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ताप, घाण वासाचे जाणे किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

केवळ अंतर मिटवण्यासाठीही शस्त्रक्रिया आहे, पण ती तातडीची नसते. किमान वर्षभर व्यायाम करून, मुले पुरेशी झाल्यावर आणि खरोखर त्रास असल्यासच तिचा विचार करावा.

मूल झालेली एखादी बाई समोर आली आणि तिचे पोट थोडे पुढे दिसले, तर "कितवा महिना?" हा प्रश्न आपण ओठातच ठेवावा. आणि ज्या भगिनींना तो ऐकावा लागला आहे, त्यांनी आज रात्रीचे जेवण न सोडता सतरंजी घालून बेंबीवर दोन बोटे ठेवून पाहावीत.