बसायचं कुणाला?

सकाळी 6

दर गुरुवारी माझी ओपीडी लातूरला असते. थंडीत नांदेड सोडलं की लोहा येईपर्यंत उजाडतं. शेजारच्या सीटवर तीन फायली आहेत. तिन्ही भगंदराच्या, पण साध्या नव्हेत. दोघांना क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे, तिसऱ्याला असल्याचा संशय. आपल्याकडे त्या जागेचं कुठलंही दुखणं ‘मूळव्याध’च असतं. माणूस लाजेपायी वर्षभर मलम, झाडपाला करतो आणि पँट भिजायला लागली की येतो.

सकाळी 7.30

अहमदपूरला चहा. सुश्रुताने भगंदर आठ महागदांत, म्हणजे बरं व्हायला अवघड अशा रोगांत धरलं आणि अनेक छिद्रांच्या प्रकाराला ‘शतपोनक’ म्हटलं, चाळणीसारखं. क्रोन्सचा पेशंट तपासताना हा शब्द हमखास आठवतो.

साधं भगंदर बहुधा गुदद्वाराजवळच्या ग्रंथीत पू होऊन, तिथून कातडीपर्यंत वाट पडून बनतं. वाट वरवरची असली तर ती उघडायची, जखम भरते. क्रोन्समध्ये आतड्याची भिंतच सुजलेली असते. ती सूज शांत नसताना कापलं तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि स्नायू कापला गेला तर वारा आणि शौच यांवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून आधी पू काढायचा, वाटेत सैल दोरा ठेवायचा, मग औषध. पू साठलेला असताना निवडीला फारसा वाव नसतो, तो काढावाच लागतो. खरी निवड त्यानंतर सुरू होते.

सकाळी 9.30

पहिला पेशंट एकोणीस वर्षांचा, ‘नीट’चा रिपीटर. लातूरला खोली करून राहतो. सोबत वडील आणि मामा. तीन महिन्यांपूर्वी दोरा घातला. त्याआधी क्षयाच्या तपासण्या केल्या, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि इन्फ्लिक्सिमॅब या क्रोन्सच्या औषधाने झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. मग सलाईनमधून ते औषध दिलं: पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. आता ते दर आठ आठवड्यांनी. नव्या एमआरआयमध्ये पू नाही, आतली सूजही उतरली आहे.

मामा खुर्ची पुढे ओढतात. “साहेब, एकदाचं ऑपरेशन करून टाका की. दोरा घेऊन किती दिवस हिंडायचं पोरानं?”

वडील म्हणतात, “आम्हाला काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं.”

पोरगा टेबलाकडे बघत राहतो. मी दोघांना बाहेर चहाला पाठवतो.

“तुला काय पाहिजे?”

बराच वेळ काही नाही. मग म्हणतो, “सर, मेमध्ये पेपर आहे. तोवर बसता आलं पाहिजे.”

मग कागदावर तीन रस्ते काढतो. दोरा तसाच ठेवून औषध: थोडं पाणी येत राहील, पण पुन्हा पू साठायची भीती कमी. दोरा काढून नुसतं औषध. किंवा वाट बंद करायची शस्त्रक्रिया: त्यानंतर काही आठवडे जखम सांभाळायची.

युरोपातल्या 94 रुग्णांचा एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला, त्याचे आकडे सांगतो. औषधाच्या आधाराने शस्त्रक्रिया केलेल्यांत दीड वर्षानंतर एमआरआयवर वाट भरलेली दिसली 32 टक्क्यांत, फक्त औषध घेतलेल्यांत 9 टक्क्यांत. वरून तोंड मिटलेले मात्र दोन्हींकडे निम्म्याहून जास्त होते.

“म्हणजे ऑपरेशन करूनही शंभरात अडुसष्ट जणांची आतून भरली नाही,” तो लगेच म्हणतो. लातूर पॅटर्नचं पोरगं, वजाबाकी चुकत नाही. त्या अभ्यासात बहुतेकांनी चिठ्ठी टाकून गट ठरवू दिला नव्हता, तो आपणच निवडला होता, हेही सांगतो. तेव्हा तो पहिल्यांदा वर बघतो. “मग दोरा राहू द्या. जूनमध्ये ऑपरेशनचं बघू.”

मामांना हे पटवायला आणखी वीस मिनिटं जातात.

दुपारी 2

ऑपरेशन थिएटर. पेशंट ट्रकचालक, वय बत्तीस. दुसरीकडे दोनदा ऑपरेशन झालेलं, तरी पू थांबत नाही. क्रोन्सचा संशय. पू काढणं, दोरा घालणं आणि बायोप्सी, एवढ्याला त्याने सही केली आहे.

भूल दिल्यावर आणखी एक वाट सापडते, स्नायूतून गेलेली. बाहेर येऊन भावाला सांगतो. तो म्हणतो, “भूल दिलीच हाय तर तीबी कापून टाका ना. मी सही करतो.”

मी नाही म्हणतो. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या गर्भाच्या, शस्त्रकर्माआधी ‘अधिपती’ला विचारायला सांगितलं आहे. तो अधिपती आपल्या वॉर्डाबाहेर अजून बसलेला असतो: कधी भाऊ, कधी सासरा. पण समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं की सज्ञान बाई भुलेखाली असताना, जिवावरचा प्रसंग नसताना, तिच्या आईची संमती तिची ठरत नाही. आत झोपलेल्या पेशंटला दिवसाला दहा तास स्टिअरिंगवर बसायचं आहे. स्नायू त्याचा आहे. दुसऱ्या वाटेतही दोरा ओवतो आणि थांबतो.

संध्याकाळी 7.30

नांदेडचा दवाखाना. तिसरी फाईल एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची, वय पंचेचाळीस. सात वर्षांचा आजार, चार तोंडं, दोन औषधं करून झाली. अजून एक औषध करून बघू, असं माझ्या मनात होतं.

त्याच विचारतात, “डॉक्टर, ती पोटावरची पिशवी लावतात म्हणे?”

शौच पोटावरून काढलं की खालचा भाग कोरडा व्हायला मदत होते, हे सांगतो. आणि न आवडणारंही सांगतो: तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी या आजारात बहुतेकांची कायमची राहते.

“राहू द्या. पुतणीच्या लग्नात मी पंगतीत बसले नाही. वासाच्या भीतीनं आत भांडी घासत राहिले.”

माझं औषध मी आधी पुढे करणार होतो. आता दोन्ही पर्याय शेजारी शेजारी लिहून देतो, आणि पिशवी लावून दहा वर्षं शेती करणाऱ्या एका बाईंशी, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं करून द्यायचं ठरतं.

रात्री 10

2022 सालीच तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या भगंदरांची नवी वर्गवारी मांडली. तिच्यात आजार किती तीव्र, याच्या जोडीला रुग्णाला काय हवं आहे, हेही धरलं आहे. ती वाचल्यापासून मी फायलीत एक ओळ वाढवली आहे: ‘रुग्णाचं म्हणणं’.

पहिल्या फाईलमध्ये लिहितो: मेपर्यंत बेंचवर. तिसरीत: पंगत.

मधल्या फाईलमधली ओळ कोरी आहे. लातूरच्या वॉर्डात फोन लावतो. सिस्टर म्हणतात, झोपलाय, भाऊ खाली चटईवर आहे. उठवू का?

“नको. सकाळी चहा झाला की त्याच्याच हातात फोन द्या.”