किल्ली कोणाकडे?

माझे वडील खराडीतील एका आय.टी. कंपनीच्या फाटकावर वॉचमन आहेत. एखाद्याचे कार्ड कंपनीने बंद केले की काल ज्याला नमस्कार केला त्यालाच आज अडवावे लागते. "कारण आम्हांला कळवीत नाहीत," असे अण्णा म्हणतात.

गेल्या वर्षी तीच पाळी माझ्यावर आली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून मी एका मोठ्या समाजमाध्यमावर ठेवीत असे. फोनमध्ये जागा नसल्याने मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकी. एके सकाळी खाते बंद! नियमभंग झाला एवढेच कळले. कोणता, ते नाही. दाद मागितली, तर उत्तरही यंत्रानेच दिले. आजी तोपर्यंत गेली होती. ओव्याही गेल्या.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचीत आले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तांत्रिक बाबतीत चुकल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आपण वापरतो ती बहुतेक माध्यमे म्हणजे एकाच मालकाचा वाडा. बिऱ्हाडे कोट्यवधी, पण दिंडी दरवाजाची किल्ली एकाकडे. २०१९ साली ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. निमित्त काय, तर हिटलरच्या जर्मनीत सलाम न करता हात बांधून उभ्या राहिलेल्या एका माणसाचे गाजलेले छायाचित्र! तेव्हा अनेक भारतीय 'मॅस्टोडॉन'कडे वळले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतले आणि डिसेंबरातच काही अमेरिकन पत्रकारांची खाती बंद झाली. काही दिवसांनी बरीचशी उघडली, हे खरे. पण उघडणाराही तोच ना?

मॅस्टोडॉनची रचना वेगळी आहे. ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. हा प्रोग्राम कोणीही फुकट घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. सर्व्हर अनेक, त्यांचे चालक वेगळे, नियमही वेगळे. तरी ते एकमेकांशी बोलतात, कारण त्यांची भाषा एक आहे. तिचे नाव 'ॲक्टिव्हिटीपब', आणि जानेवारी २०१८ मध्ये तिला वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. तुमचा ई-मेल एका कंपनीकडे, माझा दुसरीकडे, तरी पत्र पोहोचतेच, तसेच हे. एका चालकाशी पटले नाही तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे. अनुयायी मागोमाग येतात. जुने लेखन मात्र येत नाही. हे मला प्रथम कळले तेव्हा फार निराशा झाली.

आणखीही उणिवा आहेत. सर्व्हरचे भाडे कोणीतरी भरायचे, शिवीगाळ करणाऱ्याला कोणीतरी आवरायचे, आणि चालक कंटाळला की गावच बंद! म्हणून हे काम एकट्या पत्रकाराचे नाही, एकट्या प्रोग्रामरचेही नाही. बी.बी.सी.ने २०२३ मध्ये स्वतःचा सर्व्हर प्रयोगादाखल सुरू केला, तो तिच्या संशोधन विभागाच्या पुढाकाराने. खात्याच्या नावातच बी.बी.सी.चा पत्ता, त्यामुळे हे खाते खरे की खोटे, असा प्रश्न वाचकाला पडत नाही. वृत्तपत्रांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या मराठीत साठच्या दशकात अनियतकालिके निघाली. प्रतिष्ठित मासिके छापीत नाहीत, तर आपणच काढू, असे म्हणणारे ते तरुण होते. त्यांना छपाई परवडायची नाही, आपल्याला सर्व्हर परवडत नाही, इतकाच फरक. खराडीत प्रोग्राम लिहिणारे हजारोंनी आहेत. अण्णा रोज त्यांना फाटक उघडतात. लिहिण्याजोगे आपल्याकडे पुष्कळ आहे. दोघांची गाठ कोण घालून देणार? आमच्या प्राध्यापकांना मी विचारले, तर ते म्हणाले, "आधी अंदाजपत्रक आण." ते काम चालू आहे.

दरम्यान, वाघोलीच्या मावशीआजीला अजून बऱ्याच ओव्या येतात. सुट्टीत तिच्याकडे जाणार आहे. या खेपेला रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर घेईन, मग बाकीचे.