डॅशबोर्डवरचा दिवा विझला, समोरच्याचे डोळे मात्र दिपले

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यातले रस्ते रात्रीही जागे असतात. कापूस भरलेल्या बंड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या हिंगणघाट, देवळी, पुलगाव, आर्वीच्या बाजाराकडे उजाडायच्या आतच निघतात. बंडीला मागे परावर्तक पट्टी असेलच असे नाही, रोही कुठून आडवा येईल याचा नेम नाही आणि बहुतेक दुपदरी रस्त्यांना दुभाजक नाही. अशा रस्त्यावर समोरून निळसर पांढरा झोत आला की चालकाला काही क्षण काहीच दिसत नाही. त्या झोतामागे बसलेल्याची अडचण मात्र वेगळीच असते. नवे झेनॉन दिवे छान पेटलेत, पण डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना सारखी दिसते, ती कशी घालवायची?

प्रश्न मेकॅनिकचा वाटतो. पण त्याचा एक धागा गॅरेजमधून निघून थेट डोळ्यांच्या पडद्यापर्यंत जातो.

आधी ती सूचना का येते ते पाहू. अनेक गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, बल्बवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. तिला उजेड दिसत नाही. ती फक्त तारेतून किती वीज गेली ते मोजते. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाह त्याहून बराच कमी झाला की बल्बची तार तुटली, असे गाडी समजते. बाजारातला झेनॉन संच बहुधा ३५ वॅटचा असतो. पेटताना काही सेकंद तो भरपूर वीज ओढतो आणि मग तीन अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. गाडीच्या हिशेबात ही घट म्हणजे बिघाड. काही गाड्या दिवा बंद असतानाही तारेतून क्षणभर वीज सोडून तपासणी करतात. झेनॉनच्या नळीत तारच नसते, वायूतून जाणारी विजेची ज्योत असते. त्यामुळे ही तपासणी फसते आणि कधी कधी बंद दिवा उगाच लुकलुकतो.

यावर वायरिंगवाल्यांकडचा सर्वांत लाडका उपाय म्हणजे रेझिस्टर. सोनेरी रंगाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला हा तुकडा दिव्याला समांतर जोडतात. सहा ओहमचा रेझिस्टर चालू गाडीत दोन अँपिअरहून थोडी जास्त वीज खातो, गाडीला अपेक्षित प्रवाह मिळतो आणि सूचना विझते. मात्र ही तीसेक वॅट वीज निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडते. कवचाचे तापमान शंभर अंशांच्या पुढे सहज जाते. तो प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला चिकटपट्टीने बांधला तर आवरण वितळते, कधी आगही लागते. बसवायचाच असेल तर तो उघड्या धातूच्या पत्र्यावर स्क्रूने कसायला हवा आणि दिवे चालू असताना किंवा नुकतेच बंद केले असताना त्याला हात लावता कामा नये. झेनॉनच्या बॅलास्टबाबत तर जास्तच सावध असावे. नळी पेटवण्यासाठी तो वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो. दिवा चालू ठेवून त्याची जोडणी चाचपणे हा मूर्खपणा आहे.

दुसरे उपायही आहेत. कॅपेसिटर असलेला ‘कॅनबस’ बॅलास्ट लुकलुक थांबवतो. रिले लावून थेट बॅटरीतून वीज घेता येते. संगणक जोडून कोडिंगमध्ये बल्बची तपासणीच बंद करता येते. यातला शेवटचा उपाय सर्वांत सुबक दिसतो, पण डॉक्टरी नजरेने पाहिले तर तोच सर्वांत वाईट. अतिदक्षता विभागात मॉनिटरचा भोंगा सतत वाजू लागला की कुणीतरी त्याचा आवाज बंद करते, ही सवय रुग्णालयांना चांगली ठाऊक आहे. तिचे परिणामही ठाऊक आहेत. तपासणी बंद केलेल्या गाडीचा एक हेडलाइट उद्या खरोखर गेला, तर गाडी गप्पच राहणार. आणि एका दिव्याची गाडी रात्री समोरच्याला मोटारसायकल वाटते. तो तेवढीच जागा सोडतो.

आता मूळ मुद्दा. सूचना घालवली तरी दिव्याचा दोष जात नाही. हेडलाइटची वाटी, म्हणजे आतला परावर्तक, एका ठरावीक जागी ठेवलेल्या काही मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी आखलेला असतो. एच-४ बल्बमध्ये तर डिपरच्या तारेखाली धातूची छोटी कटोरी असते. वर जाणारा प्रकाश ती अडवते. झेनॉनच्या ज्योतीचा आकार वेगळा, तिची चमक वाटण्याची तऱ्हा वेगळी. हॅलोजनच्या वाटीत ती बसवली की झोताची वरची कड फुटते आणि प्रकाश नको तिथे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय प्रकाशही दुप्पट. एच-७ हॅलोजन सुमारे १,५०० लुमेन देतो, तर कारखान्यात बसवली जाणारी डी-२-एस झेनॉन नळी सुमारे ३,२००. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने झेनॉन दिवे पहिल्यांदा रस्त्यावर आणले तेव्हापासून कारखान्यातून येणाऱ्या झेनॉनची वाटी किंवा भिंग खास त्यासाठीच बनवलेले असते. २,००० लुमेनच्या वरच्या अशा दिव्यांना युरोपीय नियमांनुसार मागे ओझे वाढले तरी झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो. काही हजारांत मिळणाऱ्या संचाबरोबर यातले काहीच येत नाही.

हा प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा दोन गोष्टी होतात. नेत्रमणी आणि आतला पारदर्शक द्रव यांत तो थोडा विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर उजेडाचा पडदा पसरतो. बंडी तिथेच असते, पण तिचा आणि रस्त्याचा फरक त्या पडद्यात बुडतो. झोत निघून गेल्यावर दुसरी अडचण सुरू होते. पडद्यावरच्या प्रकाशपेशींतले रंगद्रव्य उजेडाने विरलेले असते, ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो. कामापुरते दिसायला तरुण डोळ्याला काही सेकंद पुरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद दिसले नाही तर पन्नास मीटर आंधळ्याने.

पन्नाशीनंतर हे सेकंद वाढतात. मोतीबिंदू सुरू होत असेल तर प्रकाश जास्त विखुरतो. अशा माणसाला दिवसा वाचनफलकावरची ओळ व्यवस्थित वाचता येते, म्हणून डोळे उत्तम आहेत असे त्याला वाटते. रात्री गाडी चालवणे त्याने हळूहळू सोडलेले असते आणि कारण म्हणून तो रस्त्याला नावे ठेवतो. कित्येकदा मोतीबिंदूचे पहिले लक्षण हेच असते. वाहन परवान्याच्या अर्जात चांगल्या सूर्यप्रकाशात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे विचारतात. रातांधळेपणा आहे का, हेही विचारतात. झोताने दिपल्यावर पुन्हा दिसायला किती वेळ लागतो, हे कोणी विचारत नाही.

निळसरपणाचा मोह हा आणखी एक प्रकार. हॅलोजनचा उजेड सुमारे ३,२०० केल्विन, कारखान्यातल्या झेनॉनचा ४,२०० च्या आसपास. बाजारात ६,००० आणि ८,००० केल्विनच्या नळ्या खपतात, कारण त्या महाग गाडीसारख्या दिसतात. केल्विन वाढले म्हणजे उजेड वाढला असे नव्हे. उलट बरेचदा तो घटतो, आणि निळा उजेड समोरच्या डोळ्याला जास्त टोचतो. त्यावर उतारा म्हणून विकले जाणारे पिवळे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घेण्यातही अर्थ नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, सिम्युलेटरवर रात्रीची गाडी चालवताना या चष्म्यांनी पादचारी ओळखायला मदत झाली नाही. चष्मा शेवटी उजेड कमीच करतो.

कायद्याच्या बाजूनेही बाब सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण आडरस्त्यावर हे कोण तपासणार, हा प्रश्न आहेच. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. तिथे मधे दुभाजक आहे, म्हणून समोरच्या झोताचा त्रास कमी. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर ही सोय नाही.

म्हणून ज्यांच्या डॅशबोर्डवर सूचना पेटली आहे त्यांनी आधी मूळ हॅलोजन परत बसवून पाहावा. सूचना गेली तर गाडीत बिघाड नव्हता, हे स्पष्ट. राहिली तर अर्थिंगची तार गंजली आहे का, सॉकेट जळकट आहे का, ते बघावे. उजेड कमी वाटतो म्हणून बहुतेक जण झेनॉनकडे वळतात, पण त्याचे कारण अनेकदा पिवळी पडलेली हेडलाइटची काच, ढिली जोडणी किंवा खाली-वर झालेला झोत असतो. काच घासून घेणे आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोत जुळवणे याला संचापेक्षा फार कमी पैसे लागतात.

समोरून झोत आलाच तर त्याच्याकडे न पाहता नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी आणि वेग कमी करावा. चिडून आपलाही अप्पर लावू नये; त्याने दोघेही आंधळे होतात. पुढची काच आतून पुसून घ्यावी, धुरकट काच चकाकी वाढवते. ज्यांना दिव्यांभोवती किरणे किंवा रंगीत कडी दिसतात, ज्यांना मधुमेह आहे, किंवा जे रात्रीचा प्रवास टाळू लागले आहेत, त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे रुग्णालय या तिन्ही ठिकाणी नेत्र विभाग आहेत. तिथे फलक वाचून दाखवल्यावर उठून येऊ नये. रात्री समोरच्या दिव्यांनी त्रास होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.