डायलिसिसवरील रुग्णाचे ताट

मूत्रपिंडाचा विकार जडला की "प्रथिने बेताने घ्या" असा सल्ला बहुधा मिळतो आणि घरात तो निष्ठेने पाळला जातो. पण डायलिसिस सुरू होताच हा नियम उलटतो, हे पुष्कळ कुटुंबांच्या लक्षात येत नाही. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रातून प्रत्येक खेपेस टाकाऊ द्रव्यांबरोबर साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. ती भरून न काढल्यास स्नायू झिजतात व शक्ती खालावते.

प्रथिने : २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरणातून मिळतात जेमतेम सात-आठ! तेव्हा नुसत्या वरणभातावर भागणार नाही. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन घ्यावे. शाकाहारी मंडळींनी टोफू व बेताचे पनीर.

पोटॅशियम : हे वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचे पाणी, केळी, टोमॅटो, सुका मेवा यांवर नजर ठेवावी. बटाट्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकावे. एकादशीच्या खिचडीतील दाणे-बटाटेही हिशेबात धरावेत. "कमी सोडियम"च्या मिठात पुष्कळदा पोटॅशियमच असते. कमरख (स्टारफ्रूट) पूर्ण वर्ज्य.

फॉस्फरस : डाळींतील फॉस्फरस शरीर कमी शोषते, डबाबंद पदार्थांत घातलेला मात्र बहुतेक सगळा. वेष्टनावरील यादीत "फॉस्फेट" दिसल्यास डबा परत ठेवावा. बाईंडरची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी.

पाणी : आमटी, ताक, चहा हेही पाण्यातच मोजावे. लोणचे-पापड टाळल्यास तहानही आटोक्यात राहते.

खर्चाची बाजू : १९७२ च्या कायद्यामुळे ६५ वर्षांखालील रुग्णालाही मेडिकेअर मिळू शकते, केंद्रात डायलिसिस घेणाऱ्यांना सहसा चौथ्या महिन्यापासून, घरी डायलिसिसचे प्रशिक्षण वेळेत सुरू केल्यास पहिल्यापासून. नोकरीचा विमा असल्यास पहिले ३० महिने तो आधी पैसे देतो. मात्र यासाठी रुग्णाची स्वतःची किंवा जोडीदाराची (अवलंबून असलेल्या मुलांसाठी आईवडिलांची) नोकरीची क्रेडिट्स लागतात. मुलाच्या नोकरीवर आईवडिलांना हा हक्क मिळत नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षे राहिलेल्या ६५ वर्षांवरील आईवडिलांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. आईवडिलांना कायमचे बोलावताना ही चौकशी आधीच करावी.

मेडिकेअरमान्य प्रत्येक केंद्रात आहारतज्ज्ञ व समाजसेवक असतातच. आहारतज्ज्ञाला थालीपीठ, पिठले ठाऊक असेलच असे नाही. तेव्हा तीन दिवसांचे खाणे, त्यातील जिन्नस व प्रमाणासह लिहून न्यावे. वरील आकडे सर्वसाधारण आहेत. आपले प्रमाण दर महिन्याच्या रक्ततपासणीवरून त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.