सुतळीचं जाळं

मुलांनो, एक खेळ सांगते. दहाबारा जण गोल उभे राहा. सुतळीचा गुंडा एकमेकांकडे फेकत जा. प्रत्येकाने आपल्या वाट्याची सुतळी घट्ट धरायची. मधे कोळ्यासारखं जाळं तयार होईल. मग एकाने आपली सुतळी ओढायची. कोणाला जोराचा हिसका बसतो, कोणाला जेमतेम, तर कोणाला पत्ताच लागत नाही!

हा खेळ मी चौथीच्या वर्गात का घेतला, ते ऐका. आमचं गाव कृष्णाकाठचं. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. पाणी ओसरून शाळा भरली, तेव्हा वर्गातला एक शांत, हुशार मुलगा पार बदलला होता. बाक सरकला तरी दचकायचा. पाढे म्हणता म्हणता मधेच थांबायचा. एकदा शेजाऱ्याने खोडरबर मागितलं, तर याने त्याचं दप्तरच भिरकावून दिलं! मी रागावले, त्याला वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी त्याची आई म्हणाली, "बाई, पूर गेल्यापासनं पोरगं रातच्याला झोपत न्हाई. पाऊस आला की उठून बसतंय." मला माझीच लाज वाटली.

मोठ्या संकटानंतर असं होतंच. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. काहींचं मात्र महिना उलटला तरी जात नाही, आणि मग डॉक्टरांची मदत घ्यावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, दचकणं, झोप न येणं, चिडणं, ही सगळी एकाच आजाराची लक्षणं असतील. गोवरात ताप, खोकला, पुरळ हे सगळं एकाच विषाणूमुळे होतं, तसं. पण नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ डेनी बोर्सबूम यांनी वेगळा विचार मांडला. मनाच्या दुखण्यात असा एकच विषाणू नसेल तर? लक्षणंच एकमेकांना ओढत असतील तर? झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड झाली म्हणून भांडण, भांडणाच्या विचाराने पुन्हा झोप नाही. आली ना सुतळी?

हे तपासायला संशोधक पोहोचले चीनमधल्या एका मोठ्या दुःखापाशी. १२ मे २००८ रोजी दुपारी सिचुआन प्रांतात वेन्चुआनचा भूकंप झाला. शाळा भरलेल्या होत्या. अनेक शाळांच्या इमारती कोसळल्या. या भूकंपात सुमारे ६९ हजार माणसं गेली. ज्यांची मुलं त्यात गेली, अशा ३६२ आईवडिलांना १७ लक्षणांविषयी विचारलं होतं. हार्वर्ड विद्यापीठाचे रिचर्ड मॅकनॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उत्तरांवरून जाळं काढलं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येक लक्षण म्हणजे एक ठिपका. दोन लक्षणं जितकी जास्त जोडीने दिसतील, तितकी त्यांच्यातली रेघ जाड. सतत सावध राहणं आणि दचकणं यांच्यातली रेघ चांगलीच जाड निघाली.

अशा जाळ्यांत आता भावना आवरण्याच्या अडचणींचेही ठिपके मांडतात. मला नेमकं काय वाटतंय तेच न कळणं, राग आला की हात न आवरणं, रडू आल्याबद्दल स्वतःचाच राग येणं, शांत कसं व्हावं ते न सुचणं. आमच्याकडे अशा मुलाला सरळ 'हट्टी' म्हणून मोकळे होतात. मीही झालेच होते की!

पण एक गोष्ट विसरू नका बरं का. रेघ म्हणजे दोन गोष्टी बरोबर दिसतात, इतकंच. त्या आईवडिलांना एकदाच विचारलं होतं, त्यामुळे कोणी कोणाला ओढलं हे त्या रेघेवरून ठरत नाही. शिवाय ते जाळं ३६२ जणांचं मिळून आहे. तुमचं जाळं वेगळं असू शकतं.

तुम्हाला किंवा मित्राला असं खूप दिवस होत असेल, तर घरी किंवा बाईंना सांगा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबरही आहे. तो मोफत आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

तर तो खेळ. हे सगळं वाचल्यावर मी चिठ्ठ्या केल्या: झोप नाही, दचकणं, राग, लक्ष नाही, पावसाची भीती. ज्याला जी हवी ती त्याने उचलायची. त्या मुलाने 'झोप नाही' उचलली. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. पुराच्या रात्री सगळ्यांनीच जागून काढल्या होत्या. त्याने सुतळी ओढली, तर 'राग'वाल्याचा हात खस्सकन पुढे आला. तो सुतळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, म्हंजे मी वंगाळ नाही न्हवं?"

"नाही रे," मी म्हटलं, आणि त्याला बाहेर उभं केल्याबद्दल सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली.