एका होडीस दोन पंखे

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा वेसाव्याच्या खाडीकाठी ओढून ठेविलेल्या होड्यांचा एरव्ही पाण्याखाली दडलेला पंखा उघडा दिसतो. आमच्या शाळेत वेसावे व मढ येथील कोळीबांधवांची मुले आहेत. त्यांतील एकाने वर्गात विचारले, "गुरुजी, मोठ्या बोटीचे दोन पंखे एकमेकांच्या उलट का फिरतात? एकाच दिशेस फिरवले तर जोर जास्त नाही का येणार?" उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही, हे कबूल करण्यात संकोच वाटत नाही. ते आता देत आहो.

पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या धक्क्याने होडी पुढे जाते, एवढे सर्वांस ठाऊक आहे. परंतु फिरता फिरता तो होडीचे मागील टोक बाजूसही ओढतो. होडी पुढे जाताना मागून पाहिले असता जो पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यास उजवा पंखा म्हणतात. अशी होडी मागे घेऊ लागताच तिचे मागील टोक डावीकडे सरकते. अनुभवी तांडेल हे गृहीत धरूनच धक्क्यास लागतो. दोन पंखे एकाच दिशेस फिरले तर हा दोष दुणावेल. एक उजवा व एक डावा असला म्हणजे तो परस्पर फिटतो. शिवाय एक पंखा पुढे व दुसरा मागे चालविला की बोट जवळजवळ जागच्या जागी वळते. ओहोटीस खाडीच्या तोंडाशी, दोहों बाजूंस वाळू असता, या गुणाची किंमत कळते.

एकाच आसावर एकामागे एक असे दोन पंखे उलट फिरविण्याची युक्तीही आहे. जॉन एरिक्सन याने १८३६ साली अशा जोडीचे पेटंट घेतले. पुढच्या पंख्याने पाण्यास दिलेला पीळ मागचा पंखा उलगडतो व वाया जाणारी शक्ती कामी लावतो. टॉर्पेडोस तर ही जोडी फारच सोयीची, कारण एकाच पंख्याने तो स्वतःच उलट गिरकी घेऊ पाहील.

जोडी बसविताना मोठी चूक होते ती डाव्याउजव्याची. दोन्ही पंख्यांचा व्यास व पात्यांचा पीळ सारखाच, फक्त एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. सामान्यतः पात्यांची वरची टोके बाहेरच्या बाजूस फिरावीत अशी रचना करतात. दांडे आपापल्या दिशेस फिरत असता पंख्यांची मात्र अदलाबदल झाली, तर बोट पुढे हाकताच मागे येईल!

खरे कसब मात्र इंजिन व दांडा एका रेषेत आणण्याचे; आणि ते एका पंख्याच्या होडीसही चुकत नाही. इंजिनाची व दांड्याची तबकडी, ज्यांस कपलिंग म्हणतात, ती समोरासमोर आणून चारही बाजूंनी फट मोजावी. तबकडीच्या व्यासाच्या दर इंचास एक सहस्रांश इंच फरक चालतो. म्हणजे चार इंची तबकडीस वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा. जास्त असल्यास इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवून तो घालवावा. हे काम काठावर केले तरी शेवटची मोजणी पाण्यातच हवी. होडी जमिनीवर टेकलेली असता तिचा आकार एक असतो व तरंगू लागली की किंचित निराळा होतो. म्हणून पाण्यात उतरविल्यावर एकदोन दिवस थांबून मोजतात.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांच्या होडीत दांड्याच्या भोकातून सारखे पाणी येत असे. दरवर्षी तेथील दोरीची भरती बदलीत, पाणी उपसत, आणि तसेच दूर समुद्रात जात. घरची माणसे किती काळजीत राहत असतील! काढलेला दांडा आम्ही पाहिला. तो एकाच बाजूस झिजून चकचकीत झाला होता. मोजणी नेहमी काठावरच होत आली होती. यंदा ती होडी तरंगत असता झाली, तेव्हा वरच्या बाजूस तीन पानांची फट निघाली. आता दांडा फिरत असता तेथून थेंब थेंबच पाणी येते, आणि तेवढे येऊ द्यावेच लागते. त्यानेच ती भरती थंड राहते.