ब्रेक ऑइल पावसाळ्याआधी बदला

चिपळूणहून कुंभार्ली घाटाने मोटरसायकलवरून ये-जा करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, इंजिन ऑइलइतकंच ब्रेक ऑइलकडेही लक्ष द्या. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं; पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली, की लिव्हर मुठीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही.

कोणतं ऑइल घालायचं ते ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीच मिसळू नका. बाटली सीलबंदच घ्या.

हे ऑइल रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर आधी ओलं फडकं टाका. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा. लिव्हर दाबून धरा, निपल किंचित सैल करा, आवळा, मगच लिव्हर सोडा. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ, फिकट पिवळं येईपर्यंत हेच करत राहा. मधूनमधून डबीत नवं ऑइल भरा. ती रिकामी झाली तर हवा शिरते.

लिव्हर मऊ लागला तर गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला बोलवा. एबीएसच्या गाडीसाठी कंपनीचं पुस्तक आधी वाचा. आणि ऑइल स्वच्छ दिसलं तरी दर २ वर्षांनी बदलाच.